दुधाच्या पातेल्यातली टोपी

पाय घसरला की माणूस आधी स्वतःला सावरतो. बारीकबाईंनी टोपी सावरली.

पाच महिने विणत आणलेली टोपी पहिल्या उजेडाला धरून बघावी म्हणून त्या बाहेर निघाल्या होत्या. दगडी पायरीवर दव होतं आणि पाऊल नेमकं बुळबुळीत कोपऱ्यावर पडलं. डाव्या हातानं त्यांनी टोपी डोक्याच्याही वर उंच धरली, आणि मग सगळं अंग, जे काही कमी नव्हतं, उजव्या मनगटावर आलं. धप्प आवाज ऐकून सून आतून धावत आली, तेव्हा सासूबाई पायरीवर बसल्या बसल्या विचारत होत्या, "बघ गं, भिजली का?"

सून तो वाकडा झालेला हात बघत राहिली.

"हात काय बघतेस? टोपी बघ!"

टोपीला ओरखडाही नव्हता. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

बारीकबाई हे नाव ऐकून येणारा नवखा माणूस एखादी काडीसारखी बाई शोधायला लागे, आणि दारात जी बाई उभी असे तिला बघून पुन्हा एकदा पत्ता विचारी. बारीक होती ती त्यांची वीण. त्या गल्लीत घरटी एक तरी टोपी विणणारी होती. गवताची काडी अंगठ्याच्या नखानं चिरायची, उकळायची, सावलीत वाळवायची, आणि मग माथ्यावरच्या फुलापासून सुरुवात करून एकेक फेर घेत खाली काठापर्यंत यायचं, हे सगळ्यांनाच येई. पण बाकीच्या एका काडीचे चार भाग करत, तिथं बारीकबाई सोळा करत. त्यांची टोपी गुंडाळून अंगठीतून ओढून काढली तरी पुन्हा आपली उमलून बसते, असं गल्ली सांगे. अंगठीची गोष्ट गल्लीनं जराशी फुगवली असेल. पण त्यांच्या टोपीत ओतलेलं पाणी थेंबभरही गळत नाही, हे सुनेनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

विणकाम पहाटेचंच. हवेत ओलावा असतो तोवर काडी ऐकते. ऊन पायरीवर आलं की तीच काडी हट्टाला पेटते आणि मोडते. म्हणून गल्ली अंधारातच जागी व्हायची, प्रत्येक घरात एक दिवा, एक पाण्याचं भांडं आणि साच्यावर ओणवी झालेली एक बाई. पन्नास वर्षं बारीकबाईंची एक पहाट चुकली नव्हती. मूल झालं त्या दिवशीसुद्धा त्या आधी फेर पुरा करून मग उठल्या होत्या, हे त्या अभिमानानं सांगत आणि त्यांचा मुलगा ते ऐकून दर वेळी ओशाळे.

आणि ही टोपी साधी नव्हती, शेवटची होती.

गल्लीच्या टोकाला टोपीघर होतं. सगळ्यांच्या टोप्या तिथंच धुऊन, गंधकाची धुरी देऊन, साच्यावर ठोकून तयार होत, आणि तिथल्याच मोठ्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. विणणारीनं हात थांबवायचा ठरवला की आयुष्यात एकदाच, आपली शेवटची टोपी त्या कपाटासाठी आणायची. अटी दोनच. टोपी खरोखर शेवटची हवी. ती कपाटात गेली की पुन्हा काडी उचलायची नाही. आणि फुलापासून काठापर्यंत तिला एकच हात लागलेला हवा. दोन हात लागले की ओढ बदलते, आणि ज्या फेराला हात बदलला तिथं उजेडात एक फिकट वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ शोधायला भिंगवाले म्हणून ओळखले जाणारे एक पारखी होते. वर्षातून एकदा, ओल्या हवेचे दिवस संपता संपता, ते पाहणीला बसत. त्यांनी आजवर अकरा टोप्या कपाटात ठेवल्या होत्या आणि पंचवीसएक परत पाठवल्या होत्या.

परत गेलेल्यांतली एक बारीकबाईंच्या थोरल्या जावेची. तिचा वरून नववा फेर तिच्या मुलीनं विणलेला होता, आणि तो भिंगवाल्यांच्याही आधी ओळखला बारीकबाईंनी. ओळखला तो ओळखला, भर खोलीत बोलून दाखवला. जाऊबाईंनी त्या दिवसापासून जो अबोला धरला तो धरलाच. "खरं तेच बोलले, त्यात माझं काय चुकलं?" असं बारीकबाई अजून म्हणत, आणि इतक्या वेळा म्हणत की सुनेला वाटे, नक्कीच काहीतरी चुकलेलं आहे.

सुनेला सगळे डावरी म्हणत. डावखुरी म्हणून डावरी, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ती बेकरीवाल्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात हौसेनं काडी घेऊन बसली. बारीकबाईंनी दोन फेर होईपर्यंत बघितलं आणि काम तिच्या हातातून काढून घेतलं.

"हात चांगला आहे गं तुझा," त्या म्हणाल्या, "पण डावा आहे."

यात टोमणा नव्हता, अडचण होती. उजव्या हाताची वीण उजवीकडे झुकते, डाव्या हाताची डावीकडे. टोपीघरातल्या सगळ्या लाकडी साच्यांवर उजवीकडे झुकलेल्या बारीक चऱ्या कोरलेल्या; टोपी चढवून ठोकली की वीण त्या चऱ्यांत बसते आणि टोपीला चकाकी येते. उलटी वीण चऱ्यांवर आडवी येते आणि उसवते. ठोकणारा घरातलाच होता, डावरीचा नवरा. त्यानं बायकोच्या प्रेमापोटी तिची पहिली टोपी गुपचूप साच्यावर चढवली, आणि तासाभरानं गवताचा गुंता घरी आणून तिच्यापुढे ठेवला. "मी हळूच ठोकली गं," तो म्हणाला. बिचाऱ्याचा चेहरा टोपीपेक्षा जास्त उसवलेला होता.

तेव्हापासून डावरीच्या वाट्याला विणणं सोडून सगळं आलं. काड्या ती चिरी, ती उकळी, ती वाळवी, आणि पहाटे सासूबाईंच्या समोर स्टुलावर बसून त्यांना एकेक काडी ओली करून देई. दहा वर्षं ते स्टूल त्या जागेवरून हललं नाही. आता समोर बसलेल्याचा उजवा हात आपल्या डाव्या हाताच्या समोर येतो. सासूबाईंचा उजवा हात जे जे करी, ते ते डावरीचा डावा हात मांडीवर पडल्या पडल्या पाठ करत राही. तिनं ठरवून काही केलं नाही. एकदा फेकायच्या काड्या उरल्या म्हणून तिनं पाण्याच्या मडक्यावर एक झाकण विणलं, एवढंच. वीण कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून त्यावर ती कायम एक पेला उपडा घालून ठेवी.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. "हाड जुळेल," ते म्हणाले. "चमचा धरता येईल, दार उघडता येईल."

"आणि काडी?"

"कसली काडी?"

बारीकबाईंनी सुनेला खूण केली. डावरीनं पदराच्या टोकाला बांधून आणलेली सोळा भागांतली एक काडी डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. त्यांना ती दिसायलाच थोडा वेळ लागला. दिसल्यावर त्यांनी ती उजेडाला धरली, बारीकबाईंच्या हाताकडे बघितलं आणि मान हलवली. "ही यांनी विणायची?" त्यांनी हळूच डावरीला विचारलं. उत्तर त्यांना नको होतं.

पाहणीला सतरा दिवस होते. टोपीच्या काठाची दोन बोटं रुंदी विणायची राहिली होती आणि मग शेवटची कड बंद करायची होती. विणायच्या राहिलेल्या काड्या चहूबाजूंनी झालरीसारख्या लोंबत होत्या. अशी टोपी ठेवून देता येत नाही; ओली हवा सरली की झालर वाळते, तडकते आणि पाच महिने मातीत जातात. गल्लीतल्या बायका चौकशीला आल्या तेव्हा बारीकबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "टोपी वाचली." टोपी पुरी झाली होती असं ज्यांना समजायचं होतं त्यांनी ते समजून घेतलं.

तिसऱ्या पहाटे त्यांनी स्वतःच डाव्या हातानं प्रयत्न केला. दहा मिनिटांत तीन काड्या मोडल्या. नाकावर माशी बसू न देणारी ती बाई भिंतीकडे तोंड करून रडली, मोठ्यानं, नाक ओढत. डावरी दारात उभी होती. आत जावं की परत फिरावं हे तिला कळेना. तिला सासूबाईंचा धाक होता, राग यायचा तेव्हा रागही यायचा; पण त्या हातानं केलेलं काम तिनं दहा वर्षं हातभर अंतरावरून पाहिलं होतं, आणि तसं काम पुन्हा कुणाकडून होणार नाही या विचारानं तिचेच डोळे भरून आले.

"डावरे," बारीकबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मडक्यावरचं झाकण आण."

"कोणतं झाकण?"

"ज्याच्यावर तू आठ वर्षं पेला उपडा घालतेस ते."

डावरीनं झाकण आणून दिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखी उभी राहिली. बारीकबाईंनी ते मांडीवर घेतलं, डाव्या हाताची बोटं त्यावरून फिरवली.

"सहावा फेर सैल आहे."

"त्या दिवशी दूध उतू गेलं होतं, आई. मध्येच उठावं लागलं."

"बाकी..." बारीकबाई म्हणाल्या, आणि बाकी काय ते सांगायच्या आधीच थांबल्या. कौतुक त्यांच्या तोंडून सहजासहजी बाहेर पडत नसे. "माझी टोपी पुरी कर."

डावरीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "अहो आई, माझी वीण उलटी पडते. काठ डावीकडे झुकेल. त्याला भिंगही लागणार नाही, रस्त्यानं जाणारा माणूस सांगेल."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय करायचं ते तू शोध. मी काय सगळं शोधायचं?"

"आणि एकाच हाताची अट?"

बारीकबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. "हात माझा मोडलाय," त्या म्हणाल्या. "टोपी मोडलेली नाही." हे काही उत्तर नव्हतं, आणि हे दोघींनाही कळलं होतं. पण डावरीला ती टोपी पुरी करायची होती. खोटं कशाला बोला, गेली दहा वर्षं तिला तेवढंच करायचं होतं.

दिवसभर तिचं डोकं चाललं नाही. संध्याकाळी झाकण परत मडक्यावर ठेवताना हातातून निसटलं आणि जमिनीवर उताणं पडलं. उचलायला वाकली ती तशीच वाकून राहिली. वरून डावीकडे झुकणारी वीण आतल्या बाजूनं उजवीकडे झुकलेली होती! बरोबरच होतं, असणारच. पण आठ वर्षं तिनं ते झाकण फक्त वरून लपवलं होतं, खालून कधी बघितलंच नव्हतं. म्हणजे टोपी उताणी करायची, आतली बाजू आपल्याकडे घ्यायची, आणि आपल्या हातानं आपल्याच दिशेनं जायचं. बाहेरून बघणाऱ्याला ती वीण उजवीच दिसणार.

पण उताणी टोपी साच्यावर बसत नाही. साचा टोपीच्या आत जातो, डोक्यासारखा. इथं आतली बाजू वर आणि माथा खाली लोंबता. डावरीनं स्वयंपाकघरातली भांडी काढायला सुरुवात केली. कढई पसरट. डबा अरुंद. कुकरचं भांडं थोडक्यात हुकलं. शेवटी दुधाच्या पातेल्यात जुन्या मऊ कापडाची घडी अंथरून टोपी उताणी ठेवली, तेव्हा माथा आत अलगद बसला आणि काठ पातेल्याच्या कडेवर चहूकडे सारखा पसरला.

नवरा पाठीमागे येऊन उभा होता. "आणि दूध कशात तापवायचं?"

"पंधरा दिवस तुम्ही बिनदुधाचा चहा प्यायचा."

तो बाहेर गेला. बारीकबाईंनी दारातून ते पातेलं बघितलं. पन्नास वर्षांच्या कारागिरीचा शेवट दुधाच्या भांड्यात उताणा पडलेला. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. "घासलंयस ना नीट?" एवढंच त्या म्हणाल्या.

अडचण एक उरली होती, आणि ती मोठी होती. टोपी उताणी म्हणजे तिची दर्शनी बाजू खाली. विणणारीला ती दिसणारच नाही. पहिल्या पहाटे डावरीनं चार काड्या घातल्या आणि टोपी उचलून बघितली. चार घातल्या, पुन्हा उचलली. दर उचलीला ओढ बदलायला लागली. तेव्हा बारीकबाई स्टूल ओढून पातेल्याजवळ आल्या. त्यांनी डावा हात काठाच्या खाली सरकवला, आणि पातेल्याची कड आणि टोपीचा काठ यांच्यामध्ये बोटं ठेवून डोळे मिटले.

"चालू दे."

डावरीनं काडी घातली, ओढली.

"घट्ट."

तिनं ढिली केली.

"सैल."

तिनं पुन्हा ओढली. खालची बोटं गप्प राहिली. ती पहिली काडी बरोबर बसली होती.

असे दिवस सुरू झाले. वर डावरीचा डावा हात, खाली बारीकबाईंचा डावा हात, मध्ये कागदाहून पातळ वीण. दोन काड्यांमधला जो फरक डावरीला दिसत नव्हता तो सासूबाईंना खालून लागत होता. पाचव्या दिवशी त्यांनी पाऊण फेर उसवायला लावला, कारण तीन काड्या "रुसल्यात". डावरीनं मुकाट्यानं उसवला. आणि सातव्या दिवशी उलटं घडलं. बारीकबाई चिडून म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे तरी माझ्यासारखं का लागत नाही?" तेव्हा डावरी जरा घाबरतच म्हणाली, "आई, तिसऱ्या काडीनंतर तुम्ही करंगळीनं एक हलकी ओढ देता. ती मी देत नाहीये. देऊ का?"

"मी? करंगळीनं?"

"दर तिसऱ्या काडीला. आणि ती देताना श्वास सोडता."

बारीकबाईंनी प्लास्टरमधून बाहेर आलेल्या आपल्या करंगळीकडे असं बघितलं, जणू ती पन्नास वर्षं त्यांना फसवत होती. "मला कुणी कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"कुणी समोर बसलंच नव्हतं ना," डावरी म्हणाली, आणि तिनं तिसऱ्या काडीनंतर करंगळीनं ओढ दिली. खालच्या बोटांनी बराच वेळ काहीच म्हटलं नाही. मग बारीकबाईंनी हात बाहेर काढला, डोळे पुसले आणि दिव्याच्या धुरावर खापर फोडलं.

बाराव्या पहाटे कड बंद झाली. टोपी धुतली गेली, तिला धुरी मिळाली, आणि नवऱ्यानं ती साच्यावर चढवली तेव्हा टोपीघराच्या दाराबाहेर डावरी अंगठ्यानं जमीन उकरत उभी होती. पहिल्या टोपीचा तो गुंता तिला डोळ्यांपुढे दिसत होता. आत मोगरीचे ठोके पडत राहिले, थांबले. तो बाहेर आला. हातात टोपी नव्हती.

"साच्यावरच आहे," तो म्हणाला. "बसली. कुठं तू आहेस आणि कुठं आई, ते मला ठोकतानाही कळलं नाही."

पाहणीच्या दिवशी मोठी खोली भरलेली होती. बारीकबाई गळ्यात अडकवलेला हात घेऊन पुढे बसल्या, डावरी मागे भिंतीशी. जाऊबाई तिसऱ्या रांगेत, नेहमीप्रमाणे दुसरीकडे बघत. भिंगवाल्यांनी टोपी खिडकीच्या उजेडाला धरली. माथ्यावरच्या फुलापासून एकेक फेर मोजत त्यांचं भिंग खाली येऊ लागलं. इतकं सावकाश, की मागची एक बाई डुलकी काढून जागी झाली तरी ते टोपीच्या उभ्या भिंतीच्या अर्ध्यावरच होते. काठावर आल्यावर ते थांबले. पुढे गेले, परत आले. डावरीनं डावा हात पदराखाली घेतला.

"वर्तुळ नाही," ते म्हणाले. "एकच हात."

खोलीनं सुस्कारा सोडला. भिंगवाल्यांनी कपाटाची किल्ली काढली, पण कुलपापाशी थांबून ते वळले. "बाई, एक बोलू का? माथा, भिंत सगळं तुमचं नेहमीचंच, त्यात मी काय बोलणार. पण ही शेवटची दोन बोटं! अशी ओढ मी तुमच्या हातातूनही कधी पाहिली नव्हती. वय झालं की लोकांचा हात सैल पडतो, तुमचा अजून सुधारतोय."

बारीकबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. पन्नास वर्षं विणलं आणि तोंड भरून कौतुक झालं ते न विणलेल्या दोन बोटांचं! हे दुःख होतं, राग होता की अभिमान, ते त्यांना तरी सांगता आलं असतं की नाही कोण जाणे. किल्ली कुलपात फिरली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ती दोन बोटं माझी नाहीत. माझ्या सुनेची आहेत. डाव्या हातानं विणलेली."

"डाव्या? शक्यच नाही. वीण उजवी आहे."

"उताणी विणलीय. दुधाच्या पातेल्यात."

खोलीत हशा पिकला, आणि भिंगवाले हसत नाहीत हे बघून विरला. त्यांनी टोपी उलटी केली, आतून बघितली, बाहेरून बघितली. मग भिंग खाली ठेवून ते सगळ्या रांगा ओलांडत भिंतीपाशी आले. "हात बघू, बाई," ते डावरीला म्हणाले. तिनं नेहमीच्या सवयीनं उजवा पुढे केला. "तो नाही," ते म्हणाले. तिनं डावा दिला. त्यांनी तो नुसताच बघितला, बोटांवरचे काडीचे बारीक काप बघितले, आणि मान तुकवली. त्या माणसानं मान तुकवलेली गल्लीनं आधी पाहिली नव्हती. डावरीला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"पण अट तुम्हाला माहीत आहे," परत येऊन ते बारीकबाईंना म्हणाले.

"तुमच्या आधीपासून."

"नववा फेर आठवतो का गं?" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. जाऊबाई उभ्या होत्या.

बारीकबाई अवघडलेलं अंग वळवून मागे बघू लागल्या. "आठवतो," त्या म्हणाल्या. "ओळखला ते बरोबर होतं. भर खोलीत बोलले ते चुकलं माझं." जाऊबाई खाली बसल्या त्या इकडे तोंड करून.

मग बारीकबाईंनी डाव्या हातानं टेबलावरची टोपी उचलली. "आणि भिंगवाले, दुसरी अटही बघा. कपाटात टोपी शेवटची लागते. ही माझी शेवटची नाही."

सगळ्यांनी त्या प्लास्टरकडे बघितलं. टोपी काखेत मारून बारीकबाई चालू लागल्या, आणि पायरी उतरताना त्यांनी सुनेचा खांदा धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे डावरी उठली तेव्हा विणायच्या खोलीत दिवा लागलेला होता. टोपी भिंतीवर खुंटीला होती. खाली दुधाचं पातेलं होतं आणि त्याच्या शेजारी कुकरचं भांडं, आतल्या बाजूनं कापड गुंडाळून गुंडाळून मापात आणलेलं. दहा वर्षं समोर असलेलं स्टूल कुणीतरी ओढून शेजारी आणून ठेवलं होतं. बारीकबाई बसल्या होत्या आणि डाव्या हातानं काडी चिरत होत्या. डावरीचं लक्ष त्यांच्या अंगठ्याकडे गेलं. डाव्या अंगठ्याचं नख चांगलं वाढलेलं होतं. दोनतीन आठवडे तरी त्यांनी ते कापलं नव्हतं.

"बघत काय राहिलीस? बस. आधी फूल घालायला शिकव."

"आई, मी तुम्हाला काय शिकवणार?"

"डावं," बारीकबाई म्हणाल्या. "आणि समोर नको बसू, शेजारी बस. समोरून मला उलटं दिसेल."

डावरी शेजारी बसली. तिनं आठ काड्या ओल्या केल्या, एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवल्या, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा कुणाच्यादेखत फूल घातलं. मग काड्या सासूबाईंच्या हातात दिल्या. ती जाड बोटं अडखळत पहिला फेर फिरली. डावरीनं खालून हात घातला आणि डोळे मिटले.

"सैल," ती म्हणाली.

बारीकबाईंनी मुकाट्यानं उसवलं.